कोचसाहेबांचं कोर्ट

अमेरिकन फुटबॉलचा विषय काढला की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "अरे तो कसला फुटबॉल, बॉल हातात घेऊन तर पळतात!" दुसरी प्रतिक्रिया जरा उशिरा येते, एखादी कॉलेजची मॅच टीव्हीवर दिसली की. "हे कॉलेजचं आहे? खरंच?"

त्या दुसऱ्या प्रतिक्रियेत दम आहे. आपल्याकडे कॉलेजातला खेळ म्हणजे काय, तर जिमखान्याचा कुलूप लावलेला कपाट, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मिळालेलं एखादं सर्टिफिकेट आणि त्यावर मिळाले तर ग्रेस मार्क. तिकडे मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणूस बसतो. नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावचं स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक होम मॅचला हाऊसफुल्ल आहे. शनिवारी मॅच असली की स्टेडियम हेच राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर होतं, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. आणि बऱ्याच राज्यांत सर्वात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे राज्यपाल नव्हे, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल (नाहीतर बास्केटबॉल) कोच.

आता विचार करा. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. शनिवारी नव्वद हजार लोक त्याच्या नावाने ओरडतात. सोमवारी तो वर्गात मागच्या बाकावर बसतो. आणि बुधवारी रात्री त्याने काहीतरी भयंकर केलं. न्याय कुणी करायचा? पोलिसांनी? विद्यापीठाने? की कोचने, ज्याला शनिवारची मॅच जिंकायची आहे?

गेले काही वीकेंड मी याच विषयावर वाचत बसलोय. सुरुवात ओमाहात झाली. तिथे मी ऑनसाईटला सात महिने होतो, त्याबद्दल पुढे येईलच. पण आधी १९५१ मध्ये जाऊ, कारण या सगळ्या प्रकरणांचा आजोबा तिथे बसलाय.

न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठी वेस्ट पॉइंट. अमेरिकन लष्कराची अकादमी, म्हणजे आपल्या खडकवासल्याची थोरली चुलत बहीण म्हणा. तिथला फुटबॉल कोच अर्ल ब्लेक, टोपणनाव 'रेड'. स्वतः वेस्ट पॉइंटचाच माजी विद्यार्थी. १९४१ मध्ये त्याने टीम हातात घेतली आणि १९४४, ४५, ४६ असे सलग तीन हंगाम एकही मॅच हरला नाही. महायुद्धाच्या काळात आर्मीची टीम जिंकते म्हणजे देश जिंकतो, असं वातावरण. १९५० मध्येसुद्धा पहिल्या आठच्या आठ मॅच जिंकल्या, फक्त शेवटची नेव्हीविरुद्धची हरले. क्वार्टरबॅक कोण, तर बॉब ब्लेक. कोचचा सख्खा मुलगा. आणि असिस्टंट कोचमध्ये एक तरुण व्हिन्स लोम्बार्डी, ज्याच्या नावाची ट्रॉफी पुढे सुपर बोल जिंकणाऱ्याला मिळू लागली.

वेस्ट पॉइंटचा ऑनर कोड प्रसिद्ध आहे. खोटं बोलायचं नाही, कॉपी करायची नाही, चोरी करायची नाही. आणि चौथं, सगळ्यात अवघड: दुसऱ्याने केलेलं माहीत असूनही गप्प बसायचं नाही. गप्प बसणारा तितकाच दोषी.

अभ्यासाची पद्धत अशी की वर्गात रोज प्रश्न, रोज मार्क. छोट्या छोट्या लेखी चाचण्यांचा तर रतीबच. कॅडेट्सच्या दोन रेजिमेंट्स होत्या. एका रेजिमेंटची चाचणी आज, दुसरीची उद्या. आणि प्रश्नपत्रिका? तीच! का, तर आपले कॅडेट्स सभ्य गृहस्थ आहेत, ते एकमेकांना प्रश्न सांगणार नाहीत.

ज्याने ज्याने आपल्याकडे इंजिनिअरिंगची प्रॅक्टिकल्स 'ए बॅच सोमवारी, बी बॅच मंगळवारी' या पद्धतीने पाहिली आहेत, त्याला पुढे काय झालं हे सांगायची गरज नाही. :)

पण इथे मला एक गोष्ट फार रोचक वाटते. सिस्टिममध्ये होल आहे हे उघड दिसत होतं. दोन वेगळे पेपर काढणं काही अशक्य नव्हतं. पण पॅच मारला नाही, कारण पॅच मारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. ऑनर कोड आहे म्हणून पेपर एकच, आणि पेपर एकच आहे म्हणून ऑनर कोडची रोज परीक्षा. त्यात फुटबॉलवाल्यांची स्थिती बघा. सकाळपासून लष्करी शिस्त, दुपारी प्रॅक्टिस, रात्री मरगळलेलं अंग घेऊन गणित. त्यांना शिकवायला हुशार कॅडेट्स नेमलेले असत. शिकवता शिकवता 'हे नक्की बघून ठेव' असं सुरू झालं, आणि 'हे येणार आहे' कधी झालं ते कळलं नाही.

१९५१ च्या वसंतात काही कॅडेट्सनी ही गोष्ट वर सांगितली. चौकशी बसली. मुलं ब्लेककडे गेली, काय करू म्हणून. त्याने सांगितलं, खरं काय ते सांगा. मुलांनी सांगितलं. आणि मग त्यांचेच कबुलीजबाब त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा झाले.

हे वाचताना मी थांबलो. म्हणजे ऑनर कोडप्रमाणे जे शेवटी खरं बोलले ते गेले. जे तोंडावर खोटं बोलले असतील, ते कदाचित पदवी घेऊन बाहेर पडले असतील.

शिक्षा ठरवायला बाहेरची माणसं बोलावली. त्यांचे प्रमुख होते न्यायमूर्ती लर्नेड हँड, अमेरिकेतल्या त्या काळच्या सर्वात नावाजलेल्या न्यायाधीशांपैकी एक. निकाल: सगळ्यांना काढा. ३ ऑगस्ट १९५१ ला लष्कराने जाहीर केलं, सुमारे ९० कॅडेट्स बाहेर. त्यातले ३७ फुटबॉलचे. बॉब ब्लेकसुद्धा.

कोच म्हणून ब्लेकची जवळपास अख्खी टीम गेली, आणि बाप म्हणून मुलगा. राजीनामा द्यायचा त्याचा विचार होता. तो सल्ला घ्यायला गेला जनरल मॅकआर्थरकडे, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात. मॅकआर्थर तेव्हा काय करत होते, तर त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी त्यांना कोरियातून काढून घरी बसवलं होतं. ऐन गोळीबारात मैदान सोडू नकोस, असा त्यांच्या सल्ल्याचा मथितार्थ. ब्लेक राहिला. त्याने न्यूयॉर्कमध्ये एका रेस्टॉरंटमध्ये पत्रकारांना बोलावून आपल्या मुलांची बाजू मांडली. ती कॉपी करणं चूक नव्हतं असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला की ही वाईट चारित्र्याची मुलं नाहीत, त्यांच्या कपाळावर आयुष्यभराचा शिक्का मारू नका.

काँग्रेसमध्ये वेगळाच सूर होता. सिनेटर फुलब्राइट (हो, फुलब्राइट स्कॉलरशिपवाले तेच) म्हणाले की लष्करी अकादम्यांचा फुटबॉलच थांबवा. दुसऱ्या बाजूला कोरियात युद्ध चालू. १९४९ च्या आर्मी टीमचा कॅप्टन जॉन ट्रेंट नोव्हेंबर १९५० मध्ये तिथे मारला गेला होता. ज्यांना पुढच्या वर्षी खंदकात पाठवायचं, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवता आला पाहिजे, हा लष्कराचा मुद्दा काही पोकळ नव्हता.

काढलेल्या मुलांचं काय झालं? केनेडींचे वडील जोसेफ केनेडी यांनी नाव न सांगता त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलायची तयारी दाखवली, नोत्र डेम विद्यापीठात. दहा-बारा जण गेले. नोत्र डेमची अट एकच, इथे शिकायचं, फुटबॉल खेळायचा नाही. ही अट लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

आर्मीची टीम १९५१ मध्ये ९ पैकी ७ मॅच हरली. १९५३ पर्यंत ब्लेकने ती परत उभी केली, आणि १९५८ मध्ये पुन्हा एक अपराजित हंगाम काढून निवृत्त झाला.

जाता जाता, वेस्ट पॉइंट शहाणं झालं का? १९७६ मध्ये पुन्हा कॉपी प्रकरण निघालं. विषय: इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग. घरी नेऊन सोडवायचा पेपर होता, एकट्याने सोडवायचा. (इलेक्ट्रिकलचा पेपर, घरी न्यायचा, आणि एकट्याने! ज्याने हे ठरवलं त्याला माझा साष्टांग नमस्कार.) १५२ कॅडेट्स गेले. यावेळी मात्र एक आयोग नेमला गेला, अध्यक्ष अपोलो ८ वाले अंतराळवीर फ्रँक बोरमन. बोरमन १९५० च्या बॅचचे, म्हणजे ब्लेकच्याच काळातले, आणि विद्यार्थी असताना फुटबॉल टीमचे मॅनेजर. त्यांच्या आयोगाने म्हटलं की दोष फक्त मुलांचा नाही, अकादमीचाही आहे. काढलेल्यांना परत यायची संधी मिळाली. ९८ जण परत आले आणि पदवीधर झाले. पंचवीस वर्षांनी का होईना, ब्लेकचा मुद्दा कुणीतरी ऐकला.

असो. आता ओमाहा.

आमच्या क्लायंटच्या ऑफिसात शुक्रवारी अर्धा फ्लोअर लाल कपड्यांत यायचा. नेब्रास्काचा रंग लाल. आमच्या टीममध्ये एक ज्येष्ठ सहकारी होते, पंचावन्नच्या आसपासचे, शांत माणूस. त्यांच्या डेस्कवर टॉम ऑसबोर्न या कोचचा फोटो होता, आपल्याकडे सद्गुरूंचा असतो तसा. शेजारच्या क्युबिकलमध्ये त्यांच्याच वयाच्या एक बाई. त्या लिंकनमध्येच शिकलेल्या, पण लाल कधीच घालायच्या नाहीत. मी एकदा गमतीत विचारलं, तुम्ही कशा काय नाही? त्या म्हणाल्या, "मी १९९५ पासून बघणं सोडलं." एवढंच. शेजारचे गृहस्थ काही बोलले नाहीत. मी घरी जाऊन १९९५ शोधलं.

लॉरेन्स फिलिप्स. रनिंग बॅक. कॅलिफोर्नियातला, घर असं नाहीच, अनाथ-निराधार मुलांच्या वसतिगृहात वाढलेला. फुटबॉल हाच त्याचा आधार. ९ सप्टेंबर १९९५ ला त्याने मिशिगन स्टेटविरुद्ध २०६ यार्ड काढले, चार टचडाऊन. त्या वर्षीची हाइजमन ट्रॉफी त्याला मिळू शकते असं बोललं जात होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो एका इमारतीवर चढून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घुसला. तिथे त्याची आधीची मैत्रीण होती, त्याच विद्यापीठाची बास्केटबॉल खेळाडू. त्याने तिला मारलं आणि केस धरून जिन्यावरून फरफटत खाली नेलं.

ऑसबोर्नने त्याला अनिश्चित काळासाठी निलंबित केलं. कोर्टात फिलिप्सने आरोप लढवले नाहीत, प्रोबेशन मिळालं. सहा मॅच हुकल्या. ऑक्टोबरच्या शेवटी तो टीममध्ये परत आला. विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी निषेध केला, देशभर वर्तमानपत्रांनी झोडपलं. २ जानेवारी १९९६ च्या फिएस्टा बोलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या मॅचमध्ये, फिलिप्स सुरुवातीपासून खेळला. १६५ यार्ड. नेब्रास्का ६२, फ्लोरिडा २४. बारापैकी बारा मॅच जिंकून विजेते. कॉलेज फुटबॉलमधली आजवरची सर्वोत्तम टीम कोणती, या वादात ९५ च्या नेब्रास्काचं नाव पहिल्या दोन-तीनांत असतं.

ऑसबोर्नचं म्हणणं काय होतं? या मुलाकडे फुटबॉल सोडून काहीच नाही. टीम काढून घेतली तर तो संपेल. टीममध्ये असेल तर निदान समुपदेशनाला जाईल, वर्गात बसेल, कुणाच्या तरी नजरेखाली राहील.

मी हे वाचायला बसलो तेव्हा मनात ठरवूनच बसलो होतो की हा माणूस ढोंगी. पण ऑसबोर्न काही तसा दिसत नाही. धार्मिक, आवाज न चढवणारा, मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला गृहस्थ. नंतर सहा वर्षं काँग्रेसमध्ये नेब्रास्काचा खासदार होता. आणि त्याचं भाकीतही एका अर्थाने खरं ठरलं. १९९६ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर फिलिप्सला सेंट लुईस रॅम्सने घेतलं, दीड वर्षात काढलं. मग मायामी, सॅन फ्रान्सिस्को, सगळीकडून बाहेर. २००५ मध्ये लॉस एंजेलिसला रस्त्यावरच्या एका साध्या मॅचनंतर भांडण झालं म्हणून त्याने पोरांच्या अंगावर गाडी घातली. त्या आणि एका मैत्रिणीवरच्या हल्ल्याच्या गुन्ह्यात मिळून ३१ वर्षांहून अधिक शिक्षा. २०१५ मध्ये कोठडीतल्या साथीदाराच्या खुनाचा आरोप. १३ जानेवारी २०१६ ला तो तुरुंगात मृतावस्थेत सापडला, आत्महत्या म्हणून. वय ४०.

पण ऑसबोर्नच्या युक्तिवादात एक गफलत आहे आणि ती मला नोत्र डेमच्या अटीमुळे दिसली. त्याने दोन गोष्टी एकाच गाठीत बांधल्या. आधार आणि खेळ. फिलिप्सची स्कॉलरशिप चालू ठेव, वसतिगृहात ठेव, समुपदेशन दे, रोज प्रॅक्टिसला ये म्हण, हे सगळं त्या मुलासाठी. पण फिएस्टा बोलमध्ये बॉल त्याच्याच हातात देणं, हे कुणासाठी? नोत्र डेमने १९५१ मध्ये ती गाठ सोडवून दाखवली होती. शिक, राहा, जेव, खेळू नकोस. एक अख्खा हंगाम बाहेर बसवलं असतं तर फिलिप्स वाचला असता का? बहुधा नाही. पण ज्या मुलीला जिन्यावरून ओढलं, तिने निदान त्याला त्याच विद्यापीठाच्या लाल जर्सीत, टाळ्यांच्या कडकडाटात पाहिलं नसतं. या सगळ्या चर्चेत त्या मुलीचं काय झालं हा प्रश्न किती कमी जणांना पडला, हे जुने लेख वाचताना जाणवतं. फिलिप्सच्या पुनर्वसनावर पानंच्या पानं आहेत.

मला तो प्रश्न बहुतेक पडलाच नसता, जर त्या बाईंनी एका वाक्यात उत्तर दिलं नसतं.

बरं, मग कुणी वरचा अधिकारी नाही का? आहे की. एनसीएए. १९०५ च्या हंगामात मैदानात मुलं मरू लागली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी कॉलेजांना व्हाइट हाऊसवर बोलावून दम दिला, आणि पुढच्या वर्षी या संस्थेचा जन्म झाला. आधी खेळाचे नियम, मग हळूहळू पैशाचे. खेळाडू हा हौशी असला पाहिजे, त्याने एक डॉलर घेता कामा नये, हे या संस्थेचं ब्रह्मवाक्य. नियमपुस्तक टेलिफोन डिरेक्टरीएवढं. कोचने कुठल्या महिन्यात मुलाच्या घरी जायचं, कधी फोन करायचा, सगळं त्यात. मात्र खेळाडूने कुणाला मारलं, बलात्कार केला, तर काय? ते तुमचं तुम्ही बघा.

याचं सर्वात ठळक उदाहरण डॅलसचं. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ, लोक एसएमयू म्हणतात. १९८० च्या दशकात तिथले श्रीमंत हितचिंतक खेळाडूंना गुपचूप पैसे द्यायचे. एकदा पकडले गेले, तरी चालू. १९८५-८६ मध्ये १३ खेळाडूंना मिळून ६१ हजार डॉलर दिल्याचं सिद्ध झालं. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएने थेट फाशी सुनावली. तिकडे त्या शिक्षेला 'डेथ पेनल्टी' असंच म्हणतात. १९८७ चा हंगाम रद्द. १९८८ चा विद्यापीठाने स्वतःच सोडला. गंमत म्हणजे त्यानंतर आठवडाभरातच टेक्ससचे राज्यपाल बिल क्लेमंट्स यांनी कबूल केलं की पैसे चालू ठेवायच्या निर्णयात तेही होते, कारण मुलांना 'शब्द' दिला होता! एसएमयूला पुन्हा एखाद्या बोल मॅचपर्यंत पोहोचायला २००९ उजाडलं.

६१ हजार डॉलरला फाशी. आणि त्याच काळात, जानेवारी १९८९ मध्ये, शेजारच्या ओक्लाहोमा विद्यापीठात खेळाडूंच्या वसतिगृहात एका खेळाडूने दुसऱ्यावर गोळी झाडली. पुढच्या काही दिवसांत त्याच वसतिगृहातलं सामूहिक बलात्काराचं प्रकरण, आणि मग टीमचा क्वार्टरबॅक कोकेन विकताना पकडला गेला. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या मुखपृष्ठावर तो हातकड्यांत. कोच बॅरी स्विट्झरने जूनमध्ये राजीनामा दिला. ओक्लाहोमाचा एकही हंगाम रद्द झाला नाही.

किती खेळाडू असे असतात? २०११ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड आणि सीबीएसने देशातल्या पहिल्या २५ टीम्सच्या २८३७ खेळाडूंची पोलिस रेकॉर्ड्स तपासली. २०४ जणांवर काही ना काही गुन्ह्याची नोंद निघाली, म्हणजे चौदात एक. त्यात दारू-गांजाची किरकोळ प्रकरणंही आली, त्यामुळे आकडा बघून लगेच 'हे सगळे गुंड' म्हणू नये. उरलेल्या तेरांना उगाच बदनाम करण्यात अर्थ नाही. मला धक्का दुसऱ्या आकड्याचा बसला. २५ पैकी फक्त दोन विद्यापीठं खेळाडू घेताना त्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासत होती. आमच्या कंपनीत जॉइन होताना माझं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन इतकं झालं की दहावीच्या शाळेला फोन गेला होता.

आता पेन स्टेटचे जो पॅटर्नो. एप्रिल २००७ मध्ये त्यांच्या काही खेळाडूंनी कॅम्पसबाहेर एका फ्लॅटवर जाऊन मारामारी केली. पॅटर्नोंनी शिक्षा काय दिली, तर अख्ख्या टीमने त्या हंगामात प्रत्येक होम मॅचनंतर स्टेडियम झाडायचं. एक लाख सात हजार माणसांचा कचरा! लोकांना ही शिक्षा जाम आवडली, आणि वाचताना मलाही आवडली. आपल्या शाळेतल्या पीटीच्या सरांची आठवण आली. पण त्याच विद्यापीठात विद्यार्थी-व्यवहार बघणाऱ्या उपाध्यक्षा व्हिकी ट्रिपोनी यांची २००५ पासून तक्रार होती की फुटबॉलच्या मुलांना विद्यापीठाचे नियम लागू करायला पॅटर्नोंचा विरोध आहे, शिस्तीचं आपण बघू असं त्यांचं म्हणणं आहे. २००७ मध्ये त्यांनी पद सोडलं. त्यांच्या ईमेल्स छापून आल्या त्या नोव्हेंबर २०११ मध्ये, जेव्हा पॅटर्नोंचा जुना सहकारी जेरी सँडस्की लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी पकडला गेला आणि पॅटर्नोंना काढून टाकलं गेलं. झाडू मारायची शिक्षा न्याय्य होती की नव्हती हा मुद्दा नाही. शिक्षा ठरवणारा एकच, आणि त्याच्यावर कुणी नाही, ही खरी अडचण.

बेलर विद्यापीठात तर याची रीतसर यंत्रणाच होती. टेक्ससमधलं बॅप्टिस्ट विद्यापीठ, दारूबाबत कडक. विद्यापीठाचे अध्यक्ष केन स्टार, म्हणजे क्लिंटन-मोनिका प्रकरणाचा जगप्रसिद्ध अहवाल लिहिणारे. दुसऱ्याच्या खासगी आयुष्याची पानं मोजून काढणारा हा माणूस. मे २०१६ मध्ये त्यांच्याच विद्यापीठावरच्या चौकशीचे निष्कर्ष बाहेर आले, चौकशी एका बाहेरच्या लॉ फर्मने केलेली. त्यात होतं की फुटबॉल विभाग स्वतःची वेगळी शिस्तव्यवस्था चालवत होता. मुलींच्या तक्रारी आल्या तरी विद्यापीठाच्या योग्य खात्याकडे जात नव्हत्या, फुटबॉलची माणसं स्वतःच काय ते विचारपूस करत. कोच आर्ट ब्राइल्सची हकालपट्टी झाली, स्टार यांचं अध्यक्षपद गेलं.

बेलरच्या बाबतीत एनसीएएचा निकाल लागायला ऑगस्ट २०२१ उजाडलं. चार वर्षं प्रोबेशन, पाच हजार डॉलर दंड, आणखी थोडंफार, तेही इतर बारीकसारीक नियमभंगांसाठी. लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी दाबल्याबद्दल? काही नाही. समितीचं तर्कशास्त्र असं: खेळाडूंना इतर विद्यार्थ्यांना न मिळणारी सवलत मिळाली तर तो नियमभंग. पण बेलर सगळ्याच विद्यार्थ्यांच्या बाबतीत अशा तक्रारी हाताळण्यात नापास होतं, त्यामुळे फुटबॉलवाल्यांना 'विशेष' सवलत मिळाली असं म्हणता येत नाही. समितीने स्वतःच नाराजी व्यक्त केली, आपल्या नियमांत याला जागा नाही म्हणून. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. स्पेसिफिकेशनमध्ये नाही, सबब बग नाही, असं म्हणणारे टेस्टर मला माहीत आहेत, पण इतक्या वरच्या पातळीवर पहिल्यांदाच पाहिलं.

थोडे फेरफार खालून झाले. मे २०१५ मध्ये दक्षिणेकडच्या कॉलेजांच्या कॉन्फरन्सने, म्हणजे एसईसीने, नियम केला की लैंगिक किंवा घरगुती हिंसेसाठी एका कॉलेजातून काढलेला खेळाडू आपल्या कुठल्याही कॉलेजाने घ्यायचा नाही. त्याआधी हे सर्रास चाले. जॉर्जियाने काढला की अलाबामा घेई.

आणि पैशाचं म्हणाल, तर जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे, जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. ज्या ६१ हजारांसाठी एसएमयूचा फुटबॉल मारला गेला, ते आता चिल्लर आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये एसएमयू राष्ट्रीय प्लेऑफमध्येही पोहोचलं. पहिल्याच मॅचला हरलं, ३८-१०. समोर पेन स्टेट होतं.